इतिवृत्त

सभा दहाची. सुरू झाली पावणेबाराला,
कारण शाळेच्या खोलीची किल्ली ज्याच्याकडे,
तो चुकलेली मेंढी शोधायला गेला होता.
मी लिहिते: अध्यक्षांनी सर्वांचे स्वागत केले.

टेबलावर नकाशा. चार कोपऱ्यांवर चार बटाटे,
कारिमीने पिशवीतून काढून दिलेले. वारा फार होता.
वर माउंट केनियाचं बर्फ, तिथून खाली एक निळी रेघ,
रेघेला फुटलेले सदतीस पाट,
त्यातले परवान्याचे अकरा.
हा आकडा वाचला तेव्हा कोणी कोणाकडे बघितलं नाही.

गुलाबांच्या मळ्याचा वान्जोही म्हणाला, आमचं सगळं ठिबकवर आहे.
कारिमी म्हणाली, रात्रीही?
मी लिहिते: चर्चा झाली.

पुलाखालची पट्टी वाचणारा न्जागी वही उघडून उभा राहिला.
रोज सकाळी सातचं पाणी:
बावीस. एकवीस. एकोणीस. एकोणीस. चौदा.
चौदापुढे काहीतरी खोडलेलं.
म्हणाला, मासा लिहिला होता. दिसला, म्हणून.

मग दारापाशी बसलेला लेपारिये उठला,
दोन दिवस चालून आलेला, टायरच्या चपला धुळीने पांढऱ्या.
निळ्या रेघेवर बोट ठेवून
खाली नेत राहिला,
पूल, गुरांचा बाजार, पर्यटकांचे तंबू,
आणि कागद संपला.
बोट थांबलं नाही.
फळीवरून कडेपर्यंत, कडेवरून हवेत.
"आम्ही इथं राहतो."

साहेब म्हणाले, दुसरा कागद कचेरीत आहे.
न्जागीने फळ्याखालचा खडू आणून म्हाताऱ्याच्या हातात दिला.
त्याने जमिनीवर नदी काढली, बाकांच्या पायांमधून,
आम्हाला पाय उचलायला लावत:
वाळूतले झरे, घरटी एकेक,
आणि ती जागा, जिथे नदी जमिनीखाली जाते
आणि बायका तिला कानाने शोधतात.

कारिमीने ठराव मांडला: आठवड्यातून तीन रात्री पाट बंद.
वान्जोही दोनवर अडला.
लेपारिये म्हणाला, दोन रात्रींचं पाणी वाटेत वाळूच पिते.
ठराव तहकूब.

पुढची सभा कुठे?
लेपारियेने खडूच्या शेवटच्या टोकावर पाऊल ठेवलं,
नाव सांगितलं. दोनदा. मला लिहिता येईना.
वही त्याच्याकडे सरकवली. त्याला लिहिताच येत नव्हतं.
शेवटी न्जागी अक्षर अक्षर विचारत बसला,
'स्थळ'पुढची जागा पुरेना, समासात गेला.

किल्लीवाला झाडू घेऊन दारात:
उद्या शाळा आहे, हे पुसू का?

याची नोंद नाही.