तीनशे अक्षरे

ग्रिम्सबीच्या वाचनालयात, मंगळवारी, दहा ते एक
मी लोकांचे अर्ज भरून देते.
काउन्सिलची खिडकी बंद झाली त्याला दोन वर्षं झाली,
काचेवर आतून कागद चिकटवलाय:
मदत आता ऑनलाइन.
ज्यांना त्याचा अर्थ लागत नाही
ते माझ्याकडे येतात.

रेग स्टॅनिफोर्थ आला तो टोपी हातात धरून.
एक्केचाळीस वर्षं गोदीवर हॅडॉक साफ केला त्याने,
डाव्या तर्जनीचं पहिलं पेर तिथेच राहिलं.
लगेच बसला नाही.
बागकामाची पुस्तकं चाळत उभा राहिला,
तिसऱ्या मजल्यावर राहणारा माणूस.
ताकाला आलाय आणि भांडं पाठीमागे;
मी हे रोज बघते.
म्हटलं, हीटर या बाजूला आहे.
हीटरसाठी म्हणून बसला.

नाव. पत्ता. जन्मतारीख.
घरात माणसं किती?
"दोन."
मग टोपी या हातातून त्या हातात.
"एक. एक लिही."

तीन महिन्यांचा बँकेचा हिशेब
पिशवीत, इस्त्री केल्यासारखा सपाट.
एकाच ओळीपाशी माझं बोट थांबलं:
फुलांचं दुकान, बारा पौंड.
तो खिडकीबाहेर बघू लागला.
मी पान उलटलं.

मग तो चौकोन येतो.
आपली परिस्थिती सांगा. तीनशे अक्षरे.
"मधल्या रिकाम्या जागा पण मोजतात?"
मोजतात.
"बरं," तो म्हणाला, "कुणीतरी मोजतंय म्हणायचं."

तो बोलत गेला, मी टाइप करत गेले.
की मीटर दाराशी आहे, किल्ली भरून आणावी लागते;
की दहा पौंड घातले तर दिवा लागायच्या आधी
मीटर आपली जुनी बाकी कापून घेतो;
की बाकी एव्हरिलच्या श्वासाच्या यंत्राची आहे,
ते गेल्या हिवाळ्यात रात्रंदिवस चालू होतं,
आणि चालू असावं अशीच त्याची इच्छा होती;
की रात्री फ्रिज बंद, दूध खिडकीबाहेर;
की सहा वाजता तो अंथरुणात शिरतो,
कोट घालून, बूट मात्र काढून,
बूट घालून झोपणं त्याला बरं वाटत नाही.

आठशे बेचाळीस, पडद्याने सांगितलं.

"कमी करावं लागेल," मी म्हटलं.
"ते काम माझं," तो म्हणाला.
आणि खरंच, त्याचा आवाज बदलला,
मनगट टेबलावर आलं.
"फ्रिज काढ. दूध काढ.
कोटाचं काय मधेच, काढ."
डोकं, शेपूट, मग कण्यालगत सरळ.
एव्हरिलपाशी अंगठा थांबला,
जसा कातडीवर दाबून धरतात, सुरी फिरण्याआधी.
"काढ."

उरलं ते असं:
पेन्शनर. एकटा. मीटरवर बाकी. वीज पुरत नाही.
पांढरं, बिनकाट्याचं, कुणाचंही.
अजून दोनशेच्या वर अक्षरं शिल्लक होती.
मी तसं सांगितलं.
"राहू दे. दुसऱ्या कुणाला लागतील."

एकोणीस दिवसांनी फोनवर एक आकडा आला,
एकोणपन्नास पौंडांचा.
त्याने तो माझ्याकडून दोनदा वाचून घेतला,
मग हळूच, "पोस्टातली बाई मोठ्याने बोलेल का?"
नाही, मी म्हटलं.
बोलली, असं मला नंतर कळलं.

मार्चअखेर निधी संपला.
अर्जाच्या जागी आता एक ओळ आहे आणि आभार.
माझ्याही कराराची तारीख तीच होती,
ती तूर्त तीन महिने पुढे गेलीय.
रेगचे काटे मी फेकले नाहीत,
माझ्या मशीनवर एका फाइलमध्ये आहेत,
काउन्सिल ते मागत नाही.

तो अजून येतो, मंगळवारी.
परवा कुंड्यांतल्या टोमॅटोचं पुस्तक हवं होतं,
त्यासाठी कार्ड काढावं लागतं.
किती कार्डं, मी विचारलं.
"दोन."
मी वाट पाहिली.
तो टोपीशी खेळला नाही.
मी दोन केली. दुसऱ्यावर सही लागते,
ती त्यानेच केली.