थकबाकी

वालपराइसोच्या आमच्या कंपनीत मी खजिनदार.
दिवसा कुलपं दुरुस्त करतो,
संध्याकाळी वर्गणी लिहितो.
होय, वर्गणी. या देशात आग विझवणाऱ्याला पगार नसतो,
उलट त्यालाच दरमहा पैसे भरावे लागतात.
घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजायच्या,
वर तव्याचं भाडंही आपणच द्यायचं.

एक कंपनी जर्मनांनी काढली, एक इटालियनांनी,
आमची, कुणाचीच नसलेल्यांनी.
कुणाकडे शिड्या, कुणाकडे पंप,
कुणाकडे चेपलेल्या मोटारीतून माणूस सोडवायची कात्री.
अँब्युलन्स आरोग्य खात्याची, तिचा नंबर एकशे एकतीस.
आम्ही बत्तीस. पोलीस तेहेतीस.
डोंगरावरचं रान पेटलं तर एकशे तीस.
दोन्या एउफेमिया मात्र चारही फिरवते,
मांजर पत्र्यावर अडकलं तरी.

निवाल्दो कारीमानची बेकरी बंद पडली, तीन महिने थकले.
नियम स्पष्ट आहे: तीन झाले की निलंबन.
मीच ते लाल शाईनं लिहिलं.
तो काही बोलला नाही.
एकोणीस नंबरच्या खुंटीवर हेल्मेट टांगलं,
बाहीनं पुसलं,
आणि चालू लागला.

पहाटे साडेतीनला रेडिओ:
दहा-शून्य-एक, वरची टेकडी, लाकडी घरं.
वारा दक्षिणेचा.
गाडी जाते तिथपर्यंतच जाते,
पुढं जिना. दोनशे अकरा पायऱ्या.
वरच्या नळाला पाणी नाही,
ते खालून खांद्यावरून न्यायचं, पाइपाला पाइप जोडत.
नऊ जण हवे होते, आम्ही सात.
तिसऱ्या जोडापाशी पाहतो तर
पाइपाखाली घातलेला एक खांदा,
त्यावर घरातला स्वेटर, पायात सपाता.

कॅप्टन बुर्मेस्टरबाईंनी माझ्याकडं पाहिलं.
"हा यादीत आहे का?"
यादीबाहेरच्याला विमा नाही.
यादीबाहेरचा जळला तर तो नुसता
आगीजवळ उभा असलेला एक माणूस.

मी पावतीपुस्तक काढलं. (ते नेहमी खिशात असतं,
बायको यावरून हसते.)
पंपाच्या झाकणावर ठेवून लिहिलं:
तीन महिने, रोख, पोचले.
पैसे माझे. तारीख घातली,
वेळेचा रकाना तसाच ठेवला.
"आहे," म्हटलं.
तोवर तो चौथ्या जोडाला पोचलाही होता.

सहा घरं गेली. माणूस एकही नाही.
हिशेब तपासायला आलेल्यानं विचारलं,
ही पावती भिजलेली का?
म्हटलं, त्या रात्री सगळंच भिजलं होतं,
जळत होतं ते सोडून.

आमच्याकडं गेलेल्यांचीही हजेरी होते.
चार नंबर, आन्सेल्मो, गोदामाच्या आगीत गेला.
त्याचं नाव वाचलं की सगळे मिळून म्हणतात: हजर.
एकोणीस वाचतो तेव्हा
मी थोडा थांबतो.
मागच्या रांगेतून,
एकट्याचा,
जरा झोपाळलेला आवाज येतो.
मग खूण करतो.

दोन महिन्यांचे त्यानं फेडले.
एक अजून बाकी आहे.
मी आठवण करून देत नाही.