एक केसभर

सहाचं तोंड मिटायला लागलं
तेव्हा रात्रीचे सव्वादोन वाजले होते.
कपाशीच्या बियाण्याचं लेबल, चाळीस हजार,
मृगाआधी दुकानांत पोचायचं.
'उगवण टक्के' पुढचा इंग्रजी सहा
हळूहळू आठ होत चाललेला.
शहात्तरचे अठ्ठ्याहत्तर.
माती नाही, ओल नाही,
नुसत्या शाईवर दोन टक्के जास्त बी उगवलं.

मी पाणी वाढवलं.
अक्षरं फिकी पडली, म्हणून शाई सोडली.
प्लेटने परत घाण धरली, म्हणून पाणी.
उसनं फेडायला उसनं घ्यावं तसं
तासभर चाललं.
शेवटी रोलरवरची शाईच मेली,
लोणी न सुटलेल्या ताकासारखी
नुसती गुळगुळीत.

बाहेर पारोळ्याचा मे.
पत्र्याला दिवसाचं ऊन अजून पोटात धरवत नव्हतं.
कागदाच्या कडा वळत होत्या.
उखा मिस्त्रींना फोन करायची लाज वाटत होती,
आणि केला.

ते लुनावर आले, डोक्याला ओला पंचा.
"काय करी ऱ्हायनी तू?"
छापलेल्या कागदाकडे बघितलंच नाही.
शिवकाशीहून जुनी आणलेली ती सिंगल कलर
चालू ठेवून डोळे मिटून उभे राहिले.
"आवाज ओला शे."
बरोबर शाईचा आवाज कसा, ते त्यांनी मला
पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं:
कळण्याची भाकरी तव्यावर टाकल्यावर
पहिल्या क्षणी येतो, तो. पुढचा नाही.

मशीन थांबवली. रोलर धुतले, शाई नवी.
प्लेट पुसून गोंद फिरवला.
मग पाणी जवळजवळ बंदच केलं.
कडेने राखाडी चढायला लागली,
माझा हात नॉबकडे गेला,
त्यांनी मनगट धरलं.
"येऊ दे घाण. कुठून येस ते दिसू दे."
ती दिसली. मग एक केसभर वर.
प्लेट आडव्या नजरेने बघ म्हणाले:
चमक आरशाची नको,
शिंपडलेल्या अंगणाची हवी.

वीस कागद चोख. पन्नास.
एकशेदहाव्याला सहाने पुन्हा तोंड मिटलं.

मिस्त्री काही बोलले नाहीत.
पाण्याच्या ट्रेत बोट बुडवून जिभेला लावलं
आणि दाराबाहेर जाऊन थुंकले.
"हाई आपलं पानी नई शे."

तेव्हा आठवलं.
काल टँकर उशिरा आला होता,
कुठल्या तरी खडकातल्या बोअरवरून भरून.
संध्याकाळी चहाच्या भांड्याला पांढरा थर धरला होता,
मी तो नखाने खरवडला, आणि चहा प्यायले.
रोलरलाही तोच धरलेला.
हात फिरवला तर खरखर,
मी तीन तास शाईला शिव्या देत होते.

टपरीवाल्याला उठवून चार लिंबं आणली.
कापडात अर्धं लिंबू बांधून
मिस्त्री रोलर घासत बसले,
आजारी बैलाची पाठ चोळावी तसे, सावकाश,
मध्येच एक फोड मिठाशिवाय तोंडात टाकून.
मग कोपऱ्यातला पिण्याचा जार उचलला,
तीस रुपयांचा, दगाशेठ रोज मोजून मागवतात तो,
आणि अख्खा मशीनला पाजला.

उजाडेपर्यंत नऊ हजार झाले.
शहात्तर म्हणजे शहात्तर.
आठला पोरं आली, घसे कोरडे,
मी माठात टँकरचं पाणी ओतलं.
"जार कुठे गेला?" शेठ म्हणाले.
मी मशीनकडे बोट दाखवलं.
ते थोडा वेळ बघत राहिले,
मग माठातलं प्याले. तोंड वाकडं केलं,
पण प्याले.

खराब कागद टाकवत नाहीत.
पाठ कोरी असते, हिशेबाला चालते.
आता दुधाचं, लिंबांचं, जारचं सगळं
मी त्यांच्यावरच मांडते.
खालच्या बाजूला, टेबलाला तोंड लावून,
ते दोन टक्के जास्तीचं बी.