झिरप

चोडणच्या खाजनात, ओहोटी लागायच्या बेताला,
इनास विचारतो, "बाये, तुज्या बांदाक
कितलीं बुराकां?"

माझा बांध वहीत आहे.
शंभर चौकोन आडवे, शंभर उभे.
प्रत्येक चौकोनावर एक नाणं उडवायचं,
खोटं, एका बाजूला जड केलेलं :
छापा पडला तर चिखल,
काटा पडला तर कुर्लीचं बीळ.
मग नदीकडून पाणी सोडायचं
आणि बघायचं, शेतापर्यंत पोचतं का.

बिळं थोडी असली की पाणी आत शिरतं,
दोन वळणं घेतं, कोंडतं, तिथंच आटतं.
वाढवत गेलं तरी बराच वेळ काही होत नाही.
आणि मग शंभरात एकोणसाठच्या जरा पुढे
(शून्य पूर्णांक पाच नऊ दोन सात,
याच्यापुढचे आकडे मला पाठ आहेत, सांगत नाही)
सगळी बिळं एकमेकींना ओळखू लागतात.
जाळी जितकी मोठी, तितकी ती रेघ धारदार.
अलीकडे गोडं शेत, पलीकडे मांडवी.

फेब्रुवारीत मी सुतळी आणि बांबू घेऊन
खरा बांध मोजला.
शंभरात एकतीस. अधिक-उणे चार.
खाली लिहिलं : सुरक्षित.
त्या शब्दाखाली रेघसुद्धा ओढली, पट्टी लावून.

मार्चच्या पुनवेला बांध फुटला.
वायंगणाच्या भरल्या लोंब्यांत
कमरेइतकं खारं पाणी उभं,
आणि त्यात आरामात फिरणारी शेवटं.

इनासनं मला बोल लावला नाही.
फुटलेल्या जागी उकिडवा बसून एवढंच म्हणाला,
कुर्ली कधी एकटी खणत नाही.
एकीनं वाट केली की दुसरी त्याच वाटेनं जाते.
मऊ चिखल कुणाला नको असतो?

घरी येऊन वही उघडली.
पहिल्या पानावर, पहिल्याच ओळीत, माझ्या अक्षरात :
"समजा, प्रत्येक चौकोन इतरांपासून स्वतंत्र आहे."
समजा.
किती वर्षं हा शब्द लिहितेय,
समीकरणाच्या दारात चपला काढाव्यात तसा.

मग मी आमच्या वाड्यावरची दारं मोजली.
बेचाळीस.
पहिलं कुलूप इनासच्या थोरल्याचं,
पोर्तुगालचा पासपोर्ट, पुढे स्विंडन, गोदामात रात्रपाळी.
त्यानं आपल्या खोलीत ओलिंदाच्या मुलाला जागा दिली,
त्यानं बहिणीला बोलावलं, बहिणीनं नवऱ्याला,
नवऱ्यानं शेजारच्या सावळो चाऱ्याच्या पुतण्याला.
आता तेरा कुलपं.
टक्केवारी काढली. एकतीस.
पेन हातात तसंच राहिलं.

बांधावर चिखल चढवायला
पूर्वी दर घरातून एक माणूस यायचा.

आता नव्या प्रारूपात
मी सहसंबंधाची लांबी घातली आहे.
शेजारचं बीळ असेल तर बीळ होण्याची शक्यता जास्त,
किती जास्त, ते बांधाकडूनच शिकायचं.
उंबरठा खाली सरकला. खूप नाही.
पण माझी "सुरक्षित"ची रेघ आता पाण्यात आहे.
विभागप्रमुखांना आलेख आवडला.

मानस म्हणतात इथं पाण्याच्या दाराला.
शाळेत मानस म्हणजे मन असं शिकले होते,
आणि दोन्ही अर्थ बरीच वर्षं
वेगवेगळ्या वह्यांत ठेवले होते.
भरती ढकलते तेव्हा ते आपोआप मिटतं,
ओहोटीला आतलं पाणीच ते उघडतं.
कुणी हात लावावा लागत नाही,
फक्त कुणीतरी जवळ राहावं लागतं.

इनास बांधावरून चालत निघतो.
एका बुराकात चिखलाचा गोळा, वर पेंढा, वर टाच.
ही टाच कुठल्या अक्षरानं दाखवायची, मला ठरवता आलेलं नाही.
मी मोजते : एक बुजलं.
तो चार पावलं पुढे जातो,
मागे चिखल हलतो,
दोन डोळे वर येतात, देठांवर.

तेही मोजते.