दहावा

शुक्रवार पेठेतली आमची शाळा.
चौथीच्या वर्गात लस,
पहिलीच्या वर्गात टोचून झाल्यावर अर्धा तास बसायचं,
आणि मधल्या व्हरांड्यात मी,
लॅपटॉप, डोंगल, पाठीला घरची उशी.
मास्तरीण आहे, हजेरी घ्यायची सवय,
म्हणून नेमलं असेल.

उन्हाळ्यात पहाटे चारला रांग लागायची.
माणसांची नव्हे. चपला, विटा, कुकरचं झाकण,
कुणीतरी खडूनं नाव घातलेला नारळ.
टोकनं ऐंशी, माणसं तीनशे.
चिठ्ठी घेऊन कुणी मधूनच घुसलं की शिवी यायची, अस्सल,
पण मास्कमुळं कुणाची ते कळायचं नाही.

त्या गर्दीत आली दोघं.
भूपाल आदगोंडा हेरवाडे, वय त्र्याहत्तर.
पद्मावती भूपाल हेरवाडे, वय अंदाजे.
दोघांत मोबाईल एक, यांच्या खिशात.
ओटीपी त्यांनी मोठ्यांदा वाचला, पाढा म्हटल्यासारखा.
सुईला तिनं डोळे मिटले, यांनी नाही,
पण नंतर पहिलीच्या बाकावर गुडघे छातीशी घेऊन
घाम पुसत बसले ते हेच.
"बाई, शाळेत पहिल्यांदाच पास झालो बघा."

अठ्ठावीस दिवसांनी या म्हटलेलं.
आले, तर लस संपलेली.
पुन्हा आले, तर वरूनच अंतर वाढवलेलं: चौऱ्याऐंशी.
आता मला ऐकून घ्यावं लागणार, वाटलं.
ती हसली.
"चौऱ्याऐंशी लाख योनी फिरून आलोय,
चौऱ्याऐंशी दिवस काय जड हाईत व्हय?"

चौऱ्याऐंशीवा दिवस पावसाचा.
राजाराम बंधारा पाण्याखाली.
रांग कसली, व्हरांड्यात आठ माणसं आणि एक कुत्रं.
ती आली. एकटी.
मोबाईल आता तिच्याकडं, प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळलेला.
मी विचारलं नाही. तिनंच सांगितलं,
"जूनमधी. सीपीआरला. अकरा दिवस."

स्क्रीनवर ते होते अजून.
दुसरा डोस: बाकी.
पुढं दोन चौकोन. घेतला. घेतला नाही.
तिसरा कुणी केलेलाच नव्हता.

सिस्टर म्हणाल्या, कुपी फोडायला दहा जण लागतात,
नऊच आहेत, उरलेला डोस वाया जाईल.
पद्मावतीबाईंनी बोटानं सगळे मोजले,
स्वतःला धरून,
आणि बोट तसंच पुढं राहिलं, हवेत.

मी छत्री उघडून गंगावेशीत गेले.
दूधकट्ट्यावर सदबा कारंडे, म्हशीला रेलून.
"म्हशीला सुई मी टोचतो, मला कोण टोचणार"
म्हणत चार महिने हिंडणारा.
लशीचे फायदे मी सांगितले नाहीत. थकले होते सांगून.
म्हटलं, नऊ माणसं खोळंबलीत.
"कोण कोण?"
नावं सांगितली. हेरवाडेंपाशी तो थांबला.
"आण्णांच्यात लिटर जात हुतं. आता अर्धा."
आणि किटलीसकट आला.

टोचताना ओरडला. कुत्रं उठून गेलं.

मग पहिलीच्या बाकावर दोघं,
मधे किटली.
तिचा मोबाईल वाजला. तिला वाचता येईना, त्याच्याकडं दिला.
मला दारातून दिसत होतं:
प्रिय भूपाल आदगोंडा हेरवाडे, आपला दुसरा डोस...
सदबानं ओठ न हलवता वाचलं.
"कंपनीचा हाय, आक्का. रिचार्जचा."
"किती दिसांचा?"
"चौऱ्याऐंशी," त्याच्या तोंडून गेलं.

तिनं पदराला ओले हात पुसले.
"मग मार की," म्हणाली,
"नंबर चालू ऱ्हाऊ दे त्यांचा."