अज्ञान, पालनकर्ती आई

गोरईच्या धक्क्यावर उतरलो की
आधी दिसतं कुणाचंच नसलेलं पाणी.
त्याला सातबारा नाही, म्हणून मला ते आवडतं.
मग माड, मग वाटेवरचा क्रूस, मग पार्कचं कुंपण
आणि कुंपणापलीकडून एक किंकाळी,
दर चार मिनिटांनी, वेळापत्रकाप्रमाणे.

मी पार्कचा माणूस.
कार्डावर हुद्दा मोठा लिहिलाय,
गावात मला गुंठेवाला म्हणतात.
रिसॉर्टला हव्यात दोनशे दहा खोल्या
आणि कृत्रिम लाटांचा एक तलाव
(समुद्र इथून चालत सात मिनिटं).
त्या सगळ्याच्या मधोमध,
दातात अडकलेल्या काडीसारखे,
साडेअकरा गुंठे.

साडेअकरा गुंठ्यांवर सव्वीस नावं.
दोघं कॅनडात, एक जहाजावर,
एक वसईच्या वृद्धाश्रमात, तो मला दर खेपेला
जावई समजून पेढे मागतो.
पाच मयत, वारस लावायचे राहिलेले.
तीन भाऊ, एकमेकांशी न बोलणारे,
माझ्याशी बोलतात, वेगवेगळ्या वारी.
तीन वर्षांत पंचवीस सह्या जमवल्या.
एक तर लग्नाच्या पंगतीत,
ताटात फुगे असताना, तेलकट बोटांनी.
कागदावर तो डाग अजून आहे.

उरलं एक नाव:
ब्रिजित जुजे मुरझेलो, अज्ञान, पालनकर्ती आई.

फेरफार साठ सालचा.
बाप विहिरीतला गाळ काढताना गेला,
तेव्हा पोर सहा वर्षांची.
मग आईही गेली. तलाठी आले, बदलून गेले.
'अज्ञान' खोडायला कुणाला आठवलं नाही.

वकील म्हणाला, सोपं आहे,
जन्माचा दाखला, एक अर्ज,
महिन्याभरात बाईला मोठी करून टाकू.

ती वालाच्या आळ्यात पाणी सोडत होती.
सगळं ऐकून घेतलं. हसली, मोजक्या दातांनी.
"म्हणजे मी अजून बारकी हाय?"
कागदावर, मी म्हटलं.
"मग बारक्या पोरीकडं कोन सही मागतंय, बाबा?"
मी आकडा सांगितला.
तिने तो पुन्हा एकदा सांगायला लावला,
घ्यायचं नसताना
पापलेटाचा भाव विचारावा तसा.
मग पाय धूत म्हणाली,
"इतकी वरसं किंकाळ्या ऐकते.
एकदा आत तरी ने. पोरांना अर्धं तिकीट ना?"

गुरुवारी नेलं.
चर्चला जायचं लुगडं, कानात जड करब, हातात छत्री.
मोठ्या पाळण्यापाशी पत्र्याचा जिराफ उभा असतो,
त्याच्या पुढच्या खुरापर्यंत डोकं पोचलं तरच आत.
ती जाऊन उभी राहिली, पाठ जमेल तेवढी ताणून.
चार बोटं कमी.
गेटवरचा मुलगा गावातलाच, तिच्या शेजारचा.
मान खाली घालून म्हणाला, आजी, नियम आहे.
ती माझ्याकडे वळली:
"बघ, तुजा कागद खोटं नय बोलत."

मग आम्ही बाकावर बसलो.
कुंपणाच्या फटीतून पलीकडचे साडेअकरा गुंठे दिसत होते,
विहिरीचा काठ, वाळत घातलेली एक गोधडी.
"इकडनं केवढुसं दिसतं," ती म्हणाली.
मी काही बोललो नाही.
बॅगेत अर्ज होता, टाइप केलेला,
फक्त अंगठा किंवा सही.

पाळणा वर गेला, थांबला, ओरडला, खाली आला.
उतरणारी माणसं चढली तिथेच उतरत होती.

तिने अचानक विचारलं,
"तुजा सातबारा कुठला?"
पनवेलकडचा, मी म्हटलं.
आता त्याच्यावर धावपट्टी आहे.

ती बराच वेळ गप्प.
मग पॉपकॉर्नचा पुडा
माझ्या बाजूला सरकवला.