नमुना सतरा

स्किप्टनच्या म्युझियमचं तळघर. हीटर आहे,
तो फक्त आवाज करतो.
विनी थ्वेट ढकलगाडीवरून जातं आणते
आणि दर वेळी बजावते :
पाठ नको वाकवूस, गुडघे वाकव.

दातांच्या डॉक्टरकडचा निळा लगदा
मी तळीच्या तोंडावर थापते, सात मिनिटं थांबते,
सोलून काढते. दगडाचं सगळं सांगणं
उलटं होऊन हातात येतं :
खड्ड्यांचे उंचवटे, ओरखड्यांच्या वाती.

मग भिंग, दोनशेपट. आणि तिरका उजेड.
वरून सरळ पडला तर दगड अवाक्षर काढत नाही,
कलत्या उन्हासारखा आडवा यावा लागतो.
तेव्हा दिसतात कणाकणांची डोकी,
काही कोरी, काही तासलेली,
काही तुपाचं बोट लावल्यागत.
बार्ली असावी. सालीसकट दळलेली असावी.
'असावी' हा आमच्या धंद्यातला
सर्वांत धीट शब्द.

जातं पुरतं गोल फिरलेलंच नाही.
ओरखडे अर्ध्या वाटेवरून परततात,
पुढे, मागे, पुढे, मागे,
कुरकुरत्या फाटकासारखे.
कुणी एकटंच दळत असावं, डावखुरं.
समोरून खुंट्याला हात द्यायला
कुणी नसावं.

तळी एका अंगाला दोन बोटं झिजली आहे.
त्या दोन बोटांचा दगड गेला कुठे?
जाणार कुठे. पिठात गेला,
पिठातून घासात, दाढा सपाट करत पोटात.
मी झीज मोजते, त्यांनी ती चावली.
कच लागली म्हणून कुणी थुंकलं असेल,
कुणी दळणारीलाच बोल लावला असेल.
तो कुठल्या भिंगात दिसत नाही.

पण या सगळ्यावर, अगदी वर,
आणखी एक थर होता :
उथळ, उतावळे ओरखडे, पुरते गोल,
उलटे तसे सुलटेही,
थांबायचं कुठे ते ठाऊकच नसलेले.
दोन आठवडे मी त्यांना नाव शोधत होते.
वहीत लिहिलं : दुसरा काळ? दुसरं धान्य?
आणि काहीच सुचेना तेव्हा लिहितात ते :
विधी?

विनीनं चहाचा मग टेकवला. म्हणाली,
हा होय! हा वर असायचा, पोरांच्या टेबलावर,
एकाहत्तर सालापासून छत गळेपर्यंत.
मंगळवारी शाळेची बस यायची.
मी मूठ मूठ तांदूळ द्यायची,
ते संपले की पोपटाचं खाणं.
आपापलं पीठ पाकिटात भरून न्यायचं.
निम्मी पोरं ते कालव्यातल्या बदकांना घालत.
तिनं कडेवरून अंगठा फिरवला.
एक होता, डेरेक की डेनिस,
खुंटा सोडायचाच नाही. बस हॉर्न द्यायची,
हा आपला गरगर, गरगर.

रकाना भरायचा होता :
नमुना सतरा, दूषित, वगळावा.
भरला. नियम माझाच आहे.

दिवा मालवण्याआधी
पुन्हा एकदा भिंगाला डोळा लावला.
डाव्या हाताचा ओरखडा
जिथे दमून मागे वळतो
तिथूनच एक बारीक रेघ
न वळता
पुढे गेली होती.